सर्व ठीक

एप्रिल सरला की ते उत्तरेला निघतात,
कुणी मिनेसोटाला, कुणी डकोटाला, कुणी पार कॅनडात.
अकरा घरं, अकरा किल्ल्या,
प्रत्येकीच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका:
लाल म्हणजे टोर्कल्सन, मोरपंखी त्या दोघी बहिणी,
जांभळी कुणाची ते विसरले तर कुलूपच सांगतं.

युमात जूनची सकाळ पाचला संपते.
मग दाराची कडी फडक्यानं धरायची,
तापल्या तव्याचा कान धरावा तशी.

आधी पाणी.
प्रत्येक नळ सोडायचा, प्रत्येक संडास फ्लश करायचा.
सिंकखालच्या नळीच्या वळणात घोटभर पाणी असतं,
घर आणि गटार यांच्या मध्ये तेवढंच काय ते उभं.
ते आटलं की वास येतो, वासामागून झुरळं.
म्हणून वरून चमचाभर गोडेतेल सोडते,
तेलाची साय धरली की पाणी उडत नाही.

मग बाकीचं.
बहिणींच्या फ्रीजचं दार टॉवेल अडकवून उघडं,
आत सोड्याची एक डबी एकटीच पहाऱ्याला.
खणात मेणबत्त्या झोपल्या झोपल्या वाकल्यात.
भिंतीवरचं कॅलेंडर एप्रिलवरच आहे,
मी उलटत नाही. पुढचे महिने त्यांनी घेतलेलेच नाहीत.
उंदरांनी गाडीची वायर कुरतडली तर फोटो पाठवते,
विंचू सापडला तर नाही पाठवत.

सात नंबरात पियानो आहे.
लाकूड तडकू नये म्हणून त्याच्यापाशी पाण्याची बादली,
आणि एसी अहोरात्र ब्याऐंशी फॅरनहाइटवर.
आमच्या ट्रेलरमधला कूलर मंगळवारपासून नुसता गरगरतोय,
रात्री अकराला पंच्याण्णव.
रामिरो म्हणाला, आई, आपण पियानो असतो तर.
आणि हसला.
मी उठून बर्फ आणायला गेले.

त्या बुधवारी बादली भरली आणि पाय लटपटले.
लादीवर आडवी झाले, पियानोच्या पोटाखाली.
पाच मिनिटं, म्हटलं.
वर फळीवर कुणा कारागिरानं पेन्सिलीनं लिहिलेला आकडा,
चारशे सतरा.
वाजवणाऱ्याला तो कधी दिसलाच नसेल.

भिंतीवर टिक् झालं.
एसीचा आकडा उतरू लागला, एक्क्याऐंशी, ऐंशी,
अठ्ठ्याहत्तरवर थांबला.
मी हात लावला नव्हता.
छताच्या कोपऱ्यात बटणाएवढा कॅमेरा,
आणि दीड हजार मैलांवर, कुठल्याशा तळ्याकाठी,
आर्डिसबाईंच्या चष्म्यात मी,
आडवी.

लाज वाटली. उठायचं ठरवलं,
आणि उठले नाही.
गार वारा मानेवर आला, मग पाठीवर.
दया होती ही, की म्हातारीचं बोट घसरलं,
की आपल्या लाकडाचीच काळजी?
हे विचारायचं कुठल्या शब्दांत?

फोन वाजला नाही.
बऱ्याच वेळानं उठले, गालावर लादीची रेघ घेऊन.
जाताना त्यांच्या ग्रेपफ्रूटच्या झाडाला दोन बादल्या जास्त घातल्या,
परतफेड म्हणून नव्हे.
बहुधा परतफेड म्हणूनच.
वहीत लिहिलं: सात नंबर. नळ सोडले. बादली भरली.
पियानो शाबूत. सर्व ठीक.

ऑक्टोबरात त्या आल्या, किल्ली घेतली,
आम्ही उंदरांबद्दल बोललो, पुष्कळ वेळ.

पुढच्या एप्रिलात सूचनांचा कागद नेहमीच्याच जागी,
फ्रीजवर चुंबकाखाली.
एरमिंदा, झाड छाटू नका.
एरमिंदा, पोस्टातली पत्रकं टाकून द्या.
आणि तळाशी, वेगळ्या शाईत:
एसी अठ्ठ्याहत्तरवर ठेवा.
पियानोला ते बरं पडतं.